क्षुल्लकांची साक्ष

न्यायालयाच्या दप्तरात एखाद्या खुनाची जी हकिकत राहते आणि साहित्यात त्याच खुनाची जी कथा होते, त्या दोहोंमध्ये पुष्कळदा मोठे अंतर असते. हे अंतर मोजता आले, तर लेखकाने काय ठेवले, काय टाकले आणि काय बदलले हे कळते, आणि त्यावरून त्याची दृष्टीही उमगते. अशी संधी वाचकास क्वचितच मिळते. सूझन ग्लास्पेल या अमेरिकन लेखिकेच्या ‘अ ज्यूरी ऑफ हर पीअर्स’ या १९१७ सालच्या कथेने ती आपल्याला दिली आहे. घरातच घडलेल्या एका खुनाची ही कथा. ती ज्या प्रत्यक्ष घटनेतून उगवली त्या घटनेसह ती वाचावी, म्हणजे तिच्यातील व्यक्तिरेखा आणि उपरोध यांचे खरे वजन ध्यानी येते, असे आम्हांस वाटते.

प्रथम घटना पाहू. अमेरिकेच्या मध्यभागी आयोवा नावाचे शेतीप्रधान राज्य आहे. तेथील इंडियानोला या गावाजवळच्या एका शेतावर १९०० सालच्या डिसेंबरच्या पहिल्या रात्री जॉन हॉसॅक नावाच्या सधन शेतकऱ्यावर तो झोपेत असताना कुऱ्हाडीचे घाव घालण्यात आले. दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. त्याची पत्नी मार्गारेट त्याच बिछान्यात त्याच्या शेजारी झोपलेली होती. आपण एका आवाजाने जाग्या झालो, घाव घालणारा मात्र आपण पाहिला नाही, असे तिचे म्हणणे. कुऱ्हाड घराजवळच्या कोठाराखाली सापडली. पतीच्या दफनविधीच्या दिवशीच मार्गारेटला अटक झाली. तिच्या संसाराला तेव्हा तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि पदरी बरीच मुले होती.

या खटल्याच्या बातम्या देण्यासाठी ‘डे मॉइन डेली न्यूज’ या वृत्तपत्राने एका तरुण बातमीदार स्त्रीला पाठविले. तीच सूझन ग्लास्पेल. तिचा जन्म १८७६ चा, आयोवातल्याच डॅव्हनपोर्टचा. १८९९ साली ड्रेक विद्यापीठाची पदवी घेऊन ती नुकतीच या व्यवसायात शिरली होती. तिच्या सुरुवातीच्या बातम्यांत सहानुभूतीचा मागमूस नाही. आरोपी स्त्री उंच आहे, धट्टीकट्टी आहे, तिच्या मुद्रेवर भावना दिसत नाही, अशी वर्णने त्यांत येतात. वाचकाच्या मनात संशय पेरण्यास एवढे पुरेसे होते. पुढे तिने हॉसॅक यांचे घर आणि त्या घरातील स्वयंपाकघर स्वतः पाहिले. त्यानंतर बातम्यांचा सूर पालटला, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. आरोपी आता थकलेली, खचलेली आई दिसू लागते. न्यायालयात शेरीफची पत्नी आरोपीजवळ बसून डोळ्यांना रुमाल लावते, हा तपशीलही याच बातम्यांतला. (शेरीफ म्हणजे तेथील काउंटीचा पोलीसप्रमुख. मुंबईच्या नामधारी शेरीफपदाशी त्याचा घोटाळा होऊ नये.)

एप्रिल १९०१ मध्ये खटला चालला. पंचमंडळात, म्हणजे ज्यूरीत, सारे पुरुष होते. हॉसॅक दांपत्याचे पटत नव्हते आणि शेजाऱ्यांना मध्यस्थी करावी लागली होती, या गोष्टी साक्षींतून पुढे आल्या. येथे इतिहासानेच एक विलक्षण उपरोध घडविला. नवऱ्याचा तापट स्वभाव आणि घरातील भय यांची हकिकत ऐकून कोणालाही या स्त्रीविषयी कणव वाटावी. परंतु तीच हकिकत फिर्यादी पक्षाने खुनाचा हेतू म्हणून मांडली. तिने सोसले म्हणून तिनेच मारले असले पाहिजे, असा तो युक्तिवाद. त्यामुळे बचाव पक्षाला उलट हे सिद्ध करत बसावे लागले, की पतिपत्नींमध्ये समेट झाला होता आणि घरात शांतता होती. आपले दुःख बोलावे तर फास, लपवावे तर खोटेपणा, अशा कोंडीत ती स्त्री सापडली. पंचांनी तिला दोषी ठरविले. जन्मठेप झाली आणि तिची रवानगी अनामोसाच्या तुरुंगात करण्यात आली. १९०२ साली आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने, खटला चालविण्यात चुका झाल्या म्हणून, तो निकाल रद्द केला. १९०३ मध्ये दुसऱ्या काउंटीत फेरसुनावणी झाली. तेथे नऊ पंच दोषी म्हणणारे आणि तीन तसे न म्हणणारे निघाले. एकमत न झाल्याने निकालच लागला नाही आणि अखेर मार्गारेट सुटली. जॉन हॉसॅकला कोणी मारले, या प्रश्नाचे कायद्याने दिलेले उत्तर आजतागायत नाही.

पहिल्या निकालानंतर लवकरच ग्लास्पेल हिने वृत्तपत्राची नोकरी सोडली आणि ललित लेखनाकडे मोर्चा वळविला. ही घटना मात्र तिच्या मनातून गेली नाही. पंधरा वर्षांनी, १९१६ च्या उन्हाळ्यात, प्रॉव्हिन्सटाउन या समुद्रकाठच्या गावी तिने व तिचे पती जॉर्ज क्रॅम कुक यांनी मित्रांसह एक हौशी नाटकमंडळी चालविली होती. धक्क्यावरील एका जुन्या इमारतीत त्यांचा रंगमंच होता. मंडळीला नवे नाटक हवे होते. त्या रिकाम्या रंगमंचासमोर आपण जाऊन बसलो आणि पाहता पाहता त्याचे स्वयंपाकघर झाले, असे तिने पुढे पतीच्या चरित्रात नमूद केले आहे. त्यातून ‘ट्रायफल्स’, म्हणजे ‘क्षुल्लक गोष्टी’, ही एकांकिका जन्मली. त्यात मिसेस हेल यांची भूमिका तिने स्वतः केली. पुढील वर्षी, १९१७ मध्ये, तिने याच एकांकिकेची कथा केली. तीच ही कथा.

कथेतील प्रसंग थोडक्यात असा. मार्च महिन्यातील कडाक्याची थंडी. जॉन राइट नावाचा शेतकरी आपल्या बिछान्यात, गळ्याला दोर आवळून मारलेल्या स्थितीत सापडला आहे. त्याची पत्नी मिनी कैदेत आहे. शेरीफ, सरकारी वकील आणि शेजारचा शेतकरी हेल हे पुरावा शोधण्यास त्या घरी येतात. शेरीफची पत्नी मिसेस पीटर्स आणि हेलची पत्नी मार्था याही सोबत आहेत. कैदेतील मिनीसाठी चार कपडे न्यावेत, एवढेच त्यांचे काम. पुरुष स्वयंपाकघरावरून नजर फिरवतात, तेथे भांड्याकुंड्यांखेरीज काही नाही असे म्हणतात आणि माडीवर व गोठ्याकडे निघून जातात. बायका खालीच राहतात. अर्धवट आवरलेले टेबल, थंडीने फुटलेल्या मुरांब्याच्या बरण्या, मोडकी चूल, शिवायला घेतलेली गोधडी या वस्तू त्यांच्याशी बोलू लागतात. गोधडीचे टाके एकसारखे सुबक आहेत. फक्त शेवटच्या तुकड्यावर ते वेडेवाकडे धावले आहेत. त्यावेळी शिवणारीचे मन ठिकाणावर नव्हते, हे शिवणकाम जाणणाऱ्या कोणाही स्त्रीस कळावे. पुढे बिजागरी तुटलेला एक रिकामा पिंजरा सापडतो. शेवटी शिवणाच्या पेटीत, रेशमी फडक्यात गुंडाळलेला, मान मुरगळून मारलेला कॅनरी पक्षी. पुरुष जो हेतू घरभर शोधत आहेत, तो या दोघींच्या हातात आहे.

आता व्यक्तिरेखांकडे वळू. या कथेतील दोन मुख्य माणसे कथेत येतच नाहीत. जॉन राइट मेला आहे आणि मिनी कैदेत आहे. लेखिकेने त्यांना केवळ मागे राहिलेल्या वस्तूंतून आणि इतरांच्या आठवणींतून उभे केले आहे. जॉन दारू पीत नसे, शब्द पाळी, देणे बुडवीत नसे. समाजाने सज्जन म्हणावे असे सारे काही त्याच्यापाशी होते. केवळ त्याच्या सहवासात ऊब नव्हती. बोचऱ्या वाऱ्याने हाडे गारठावीत तसा तो माणूस होता, असे मार्थाला वाटते. येथे लेखिकेचा संयम ध्यानात घेण्यासारखा आहे. तिने त्याला मद्यपी केले नाही, बायकोला बडवताना दाखविले नाही. तसे केले असते तर वाचकाची सहानुभूती सहज मिळाली असती, पण कथा हलकी झाली असती. त्याच्या आडनावाचा उच्चार ‘बरोबर’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखाच आहे, हा योगायोग नसावा. मिनी राइट ही कधीकाळी मिनी फॉस्टर होती. तेव्हा ती निळ्या फितींचा पांढरा पोशाख करी आणि चर्चच्या गायकवृंदात गाई. लग्नानंतर तिचे गाणे थांबले. घरात मूल नव्हते. गाणारा होता तो एकटा पक्षी.

मार्था हेल ही कथेची साक्षीदार. ती घाईघाईत, पीठ अर्धे चाळलेले तसेच टाकून या घरी आली आहे. म्हणूनच मिनीचे अर्धवट राहिलेले काम पाहताच तिच्या काळजात चर्र होते. काम मध्येच का थांबते, हे तिला तर्काने शोधावे लागत नाही. मिसेस पीटर्स तिच्या उलट. त्या लहानखुऱ्या, हळू आवाजाच्या, नवऱ्याच्या हुद्द्याला जपणाऱ्या. शेरीफची बायको म्हणजे कायद्याचीच बायको, अशी थट्टा पुरुष करतात. आरंभी त्याही कायदा तो कायदा असे बोलतात. त्यांच्यातील बदल लेखिकेने दोन आठवणींवर तोलला आहे. लहानपणी एका मुलाने त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या मांजरीच्या पिलाला कुऱ्हाडीने मारले होते. कोणी आवरले नसते तर आपल्या हातून काय झाले असते, हे त्यांना आठवते. डाकोटाच्या माळावर, एकाकी घरात त्यांचे पहिले मूल गेले, तेव्हाची भयाण शांतता त्यांना ठाऊक आहे. हे दोन धागे जुळतात आणि कायद्याची बायको मिनीची शेजारीण होते. हे परिवर्तन भाषणाने घडत नाही. नजरेने, अर्धवट वाक्याने घडते. आमच्या मते कथेतील सर्वांत कसदार व्यक्तिचित्रण हेच आहे.

उपरोधाचे थर या कथेत अनेक आहेत. वरचा थर सर्वांस दिसतो. पुरुष ज्याला क्षुल्लक म्हणून हसतात, तेथेच पुरावा असतो. गोधडी धावदोऱ्याने शिवायची होती की गाठी मारून, अशी चर्चा बायका करतात आणि पुरुष त्यावर विनोद करतात. शेवटी तोच प्रश्न वकील चेष्टेने पुन्हा विचारतो. तेव्हा गाठी मारून, असे त्याला उत्तर मिळते. दोराची गाठ ज्याच्या गळ्याभोवती पडली त्याचा तपास करणाऱ्या माणसाला त्या शब्दाचा अर्थ लागत नाही. दुसरा थर टेलिफोनचा. राइटने टेलिफोन घ्यावा म्हणून त्याला भेटायला हेल त्या सकाळी गेला होता, म्हणून खून उघडकीस आला. माणसे उगाच फार बोलतात, या सबबीवर राइटने टेलिफोन पूर्वी नाकारला होता. त्या घरातील शांतता त्याने स्वतः जपलेली होती.

तिसरा थर शीर्षकाचा आहे आणि तेथे पुन्हा इतिहास येतो. आरोपीचा न्याय त्याच्या बरोबरीच्यांनी करावा, हे तत्त्व इंग्लंडच्या १२१५ च्या मॅग्ना कार्टापर्यंत मागे जाते. मार्गारेट हॉसॅकचा न्याय करणारे कोण होते? सारे पुरुष. अमेरिकेत सर्व राज्यांतील स्त्रियांना मताचा हक्क देणारी घटनादुरुस्ती १९२० साली झाली. पंचमंडळातून स्त्रियांना सरसकट दूर ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने थेट १९७५ मध्ये दिला. कथा प्रसिद्ध झाली तेव्हा शीर्षकातील ‘बरोबरीचे पंच’ कोणत्याही आयोवावासी स्त्रीच्या वाट्याला येणे शक्य नव्हते. ग्लास्पेलने ते पंचमंडळ स्वयंपाकघरात भरविले. त्यात दोनच सभासद. त्यांनी साक्षी तपासल्या आणि एकमताने निकाल दिला.

येथे एका वेगळ्या कथेशी तुलना केल्यास मुद्दा अधिक स्पष्ट होईल. रोआल्ड डाल यांची १९५३ सालची ‘लॅम्ब टु द स्लॉटर’ ही कथा पुष्कळांनी वाचली असेल. तीतही पत्नी पतीला मारते. हत्यार म्हणजे गोठविलेली मेंढीची तंगडी. मग ती तंगडी शिजते आणि तपासाला आलेले पोलीसच ती खातात. शीर्षक यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील वधास नेल्या जाणाऱ्या कोकराची आठवण देते, आणि येथे ते मुके कोकरूच हत्यार झाले आहे. उपरोध चोख आहे, पण तो घटनेचा उपरोध आहे. वाचक हसतो आणि पुस्तक मिटतो. मेरी मलोनी पुढे काय भोगील, हे त्याला विचारावेसे वाटत नाही. ग्लास्पेलचा उपरोध दृष्टीचा आहे. एकच वस्तू दोन माणसे पाहतात. एकाला काही दिसत नाही आणि दुसऱ्याला सर्व दिसते. अशा उपरोधातून वाचकाला सुटका नाही. आपण कोणत्या बाजूने पाहत आलो, हे त्याला स्वतःशी विचारावे लागते.

तथापि एक अवघड प्रश्न टाळून चालणार नाही. या दोन स्त्रियांनी केले ते योग्य काय? त्यांनी पुरावा लपविला. मारलेला पक्षी मार्थाच्या कोटाच्या खिशात गेला आणि मनुष्यवधाचा हेतू न्यायालयापुढे आलाच नाही. हत्या करू नको आणि खोटी साक्ष देऊ नको, या दोन्ही आज्ञा आपल्याला ठाऊक आहेत. जॉन राइट कसाही असला तरी तो झोपेत मारला गेला आणि त्याची बाजू मांडण्यास कथेत कोणी नाही. ग्लास्पेलची कथा त्याच्यावर अन्याय करते, असे कोणी म्हटले तर तो आक्षेप आम्ही सहज झटकून टाकणार नाही. कथा वाचून मिनी निर्दोष आहे असे म्हणता येत नाही. लेखिकेनेही तसे म्हटलेले नाही.

परंतु कथेत आणखी एक आरोपी आहे आणि तिच्यावरचा आरोप ती स्वतःच ठेवते. ती मार्था हेल. या घरापासून फार दूर न राहताही ती वर्षानुवर्षे येथे आली नाही. घर उदास होते, म्हणून आली नाही. ते उदास होते म्हणूनच यायला हवे होते, हे तिला आज कळते. हाही गुन्हाच आहे आणि त्याची शिक्षा कोण देणार, अशा अर्थाचे उद्गार ती काढते, तेव्हा कथेचा केंद्रबिंदू खुनावरून शेजारधर्मावर सरकतो. आपण पापांगीकाराच्या प्रार्थनेत केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचाही उच्चार करतो, पण पहिल्या यादीपाशी थांबतो आणि दुसरीकडे क्वचितच वळतो. मार्था दुसऱ्या यादीपाशी अडखळून उभी राहते. तिने पुरावा लपविला तो केवळ दयेपोटी नव्हे. त्यात तिच्या स्वतःच्या अपराधाची थोडी भरपाई आहे, आणि म्हणूनच तो निर्णय निर्मळ नाही. लेखिकेने तो तसा गढूळच ठेवला, यात तिचा प्रामाणिकपणा दिसतो.

आता पुन्हा इतिहासाकडे यावे आणि काय बदलले ते पाहावे. कुऱ्हाडीच्या जागी दोर आला, कारण पक्ष्याची मान आणि माणसाचा गळा एका ओळीत यावयास हवे होते. मुलांनी गजबजलेल्या घराच्या जागी निपुत्रिक, आडवळणी घर आले. तीसहून अधिक वर्षांचा संसार वीस वर्षांचा झाला. न्यायालयात ज्याचा उलगडा झाला नाही ते कथेत निश्चित झाले. मिनीनेच मारले, याविषयी वाचकास शंका राहत नाही. हा बदल सर्वांत धाडसाचा. मार्गारेट निरपराध होती असे दाखवून तिच्यासाठी अश्रू मिळविणे सोपे होते. लेखिकेने गुन्हा मान्य करून मग प्रश्न विचारला. एक गोष्ट मात्र तिने बदलली नाही. प्रत्यक्षातील शेजाऱ्यांना त्या घरातील भय ठाऊक होते. त्यांनी समेट घडविला आणि ते आपापल्या घरी गेले. पुढे त्यांतीलच काही साक्षीला उभे राहिले.

स्वतः ग्लास्पेलही एका अर्थाने त्यांच्यातलीच होती. चोविशीतल्या त्या बातमीदाराने आरोपीची भावनाशून्य मुद्रा रंगविली, तेव्हा पंचांपैकी कोणी ती बातमी वाचली असेल काय, हा विचार तिच्या मनात पुढे आला नसेल असे आम्हांस वाटत नाही. या कथेमागे सहानुभूतीइतकीच परतफेड असावी, असा आमचा तर्क आहे. ही कथा १९१७ सालच्या उत्तम कथांच्या एका वार्षिक संग्रहात निवडली गेली, नंतर अनेक दशके विस्मृतीत राहिली आणि १९७० नंतरच्या काळात अभ्यासकांनी तिला पुन्हा उजेडात आणले. १९३१ साली पुलित्झर पारितोषिक मिळालेली लेखिकाही १९४८ मधील तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ विसरली गेली होती.

कथेत एक लहानसा प्रसंग आहे. गोधडीच्या शेवटच्या तुकड्यावरील वेडेवाकडे टाके पाहून मार्था ते उसवते आणि सुईदोरा घेऊन नीट घालू लागते. मिसेस पीटर्स घाबरून तिला हटकतात, कारण वस्तूंना हात लावू नये हे त्यांना ठाऊक आहे. मार्था म्हणते की वाईट शिवण पाहून तिला चैन पडत नाही. कायद्याच्या दृष्टीने तो पुराव्याचा नाश झाला. मार्थाला मात्र एवढेच कळते, की हे हात एकटे पडले होते, तेव्हा आपण शेजारी बसून दोन टाके घालायला हवे होते.